पांढरं दाखव

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. माणसाने निदान स्वतःशी तरी खरं बोलावं, एवढाच हेतू. नियम एकच, लिहिलेलं खोडायचं नाही.

गॅलरीतल्या नोकरीला महिना झाला. पद: एव्ही टेक्निशियन. वहिनी 'वायरमन' म्हणते. तिला समजावलं की कलाकाराचा व्हिडिओ भिंतीवर पाडणं वेगळं, त्याला सेन्स लागतो. ती म्हणाली, मग तोच सेन्स लावून बाथरूमचा बल्ब बदल, आठवडा झाला अंधारात आंघोळी चालल्यात. बदलला नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

तसंच हेही नोंदवून ठेवतो: मी कॉलेज सोडलं, कॉलेजने मला नाही. तिसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या सरांनी सगळ्यांदेखत 'तुझ्याच्याने व्हायचं नाही हे' असं म्हटलं. मी जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं आणि बाहेर पडलो. परत त्या इमारतीत पाऊल ठेवलं नाही. (एकदा ठेवलं. छत्री राहिली होती.)

आता मुख्य मुद्दा. गॅलरीत ती आहे. चित्रांशेजारची लेबलं आणि टिपणं ती लिहिते. माझ्या पहिल्याच दिवशी मी दारावर कागद लावला होता, 'कृपया शांतता राखावि'. ती आली, पेनाचं टोपण दातात धरून 'वि'ची 'वी' केली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. तिथल्या तिथे मी संपलो. या वहीत तिचं नाव वेलांटी.

संकल्प: महिनाअखेर तिला सांगायचं.

५ नोव्हेंबर

पंधरा तारखेच्या कार्यक्रमाच्या पाहुण्या आल्या. व्हिडिओ आर्टिस्ट. पन्नाशीला टेकलेल्या, केस पोरासारखे कापलेले, मनगटात मोठं पुरुषी घड्याळ. सगळे त्यांना 'बाई' म्हणतात. कार्यक्रम असा: संध्याकाळी लोक येणार, बाईंचं काम बघणार, मग त्या काम कुठून आलं, कुणाचा प्रभाव, वगैरे सांगणार.

एका पडद्यावर बाईंचे हात टेबलक्लॉथला इस्त्री करतात. करतच राहतात. मला वाटलं अडकलं, म्हणून बंद करून पुन्हा चालू केलं. वेलांटी धावत आली आणि म्हणाली, ते अडकलेलं नाही, तसंच आहे. म्हटलं, माहितेय, टेस्टिंग करतोय.

मुलाखत घ्यायला एक समीक्षक आहे. घाम फुटेल अशा उकाड्यात गळ्यात मफलर. दर वाक्यात 'अवकाश' म्हणतो. आज त्याच्या कसल्याशा वाक्यावर वेलांटी हसली. मी तेव्हा शिडीवर खिळा ठोकत होतो. हातोडी डाव्या अंगठ्यावर बसली. नख काळंनिळं. जबाबदार: मफलर.

बाईंचे वडील व्हिडिओ शूटिंगवाले. लग्नं, वाढदिवस, शाळेचं गॅदरिंग. आता नाहीत. त्यांचा खांद्यावर घ्यायचा जुना कॅमेरा आणि खोकाभर कॅसेटी बाईंनी आणल्यात. सगळं चालतंय का हे बघायचं काम माझ्याकडे. खोकं माझ्या हातात देताना त्या एवढंच म्हणाल्या, 'सांभाळ.'

सांभाळणार नाही तर काय.

७ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत वेलांटी इस्त्रीच्या व्हिडिओसमोर बसली होती. डबा मांडीवर उघडा, घास हातात तसाच. याचा अर्थ स्पष्ट आहे. हिला व्हिडिओतून सांगितलेलं कळतं. फोनवरून काय, कोणीही ऐरागैरा मेसेज टाकतो. मी व्हिडिओच करणार. त्याच जुन्या कॅमेऱ्यावर, म्हणजे त्याला टेक्श्चर येईल. मफलरला हे सात जन्मांत सुचणार नाही.

कॅसेट हवी होती. खोक्यातल्या प्रत्येकीवर बाईंच्या वडिलांच्या अक्षरात चिठ्ठी आहे: 'मोठं लग्न', 'शाळा गॅदरिंग', 'डॉक्टरांकडचा वाढदिवस'. एकीवर नुसतं 'कोरी'. पळवून बघितली. पांढरं, पांढरं, सगळं पांढरं. बाकीच्या कोऱ्या कॅसेटींवर मुंग्या दिसतात, हिच्यावर पांढरं. जुना माल, चांगल्या कंपनीचा असणार.

एकच अडचण. कॅसेटच्या पाठीला प्लॅस्टिकचा छोटा तुकडा असतो. तो मोडला की मशीन त्यावर रेकॉर्ड करत नाही. हिचा मोडलेला होता. कुठेतरी आपटली असेल. भोकावर चिकटपट्टी लावली, काम फत्ते. हे असलं डोकं कॉलेजात शिकवत नाहीत.

सुरुवातीची फीत घासलेली असते म्हणून शेवटाकडे गेलो. कॅमेरा स्टँडवर, मी समोर, केस विंचरून. सुरुवात जड गेली, नंतर वाहवत गेलो. एरवी मी तिला 'तुम्ही' म्हणतो, इथे आपसूक 'तू' निघालं. शेवटचं वाक्य तर जमूनच गेलं: 'हो म्हण. नाही म्हणायचं असेल तरी म्हण, पण काहीतरी म्हण.'

पंधराला कार्यक्रम झाला की दाखवायचं. अंगठा ठणकतोय. प्रेमात ठणकणारच.

८ नोव्हेंबर

वाईट दिवस.

सकाळी वेलांटी आपणहून माझ्याकडे आली. तिचं टिपण वाचून दाखवू का म्हणाली. मी स्टूल पुसून दिलं.

टिपण असं. शूटिंग सुरू करायच्या आधी कॅमेऱ्यासमोर पांढरा कागद धरावा लागतो. पांढरं म्हणजे काय हे कॅमेऱ्याला आधी कळलं तरच पुढचे रंग खरे येतात. बाई आठ वर्षांच्या असल्यापासून वडील त्यांना सोबत न्यायचे, ते कागद धरण्यासाठी. ते ओरडायचे, 'पांढरं दाखव!' की ही पोरगी कागद घेऊन पळत समोर. गिऱ्हाइकाला द्यायच्या कॅसेटमधून हा तुकडा अर्थात काढून टाकत. पण वडिलांनी तो फेकून दिला नाही. वर्षानुवर्षांचे ते सगळे तुकडे त्यांनी एका कॅसेटवर एकापुढे एक जोडले. ते गेल्यावर बाईंना ती सापडली. एकदाच बघितलीय. दुसऱ्यांदा बघायची ती पंधरा तारखेला, लोकांसोबत. कॉपी नाही. कार्यक्रम झाल्याशिवाय बाई कॉपी काढू देत नाहीत.

कॅसेटचं नाव काय, मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

'कोरी,' ती म्हणाली. कोऱ्या कागदांची, म्हणून कोरी. मग विचारलं, तुम्ही तपासलीत ना? नीट चालतेय?

म्हटलं, एकदम फर्स्ट क्लास.

ती गेल्यावर दार लावून कॅसेट हळू चालवली. पांढऱ्याच्या कडेला बोटं आहेत. आधी एवढीएवढीशी, कागद इतका घट्ट धरलेला की नखंही पांढरी. मग शाईचे डाग. मग एका बोटाला पट्टी. मग नेलपॉलिश, अर्धं निघालेलं. बोटं लांब होत जातात. आणि मग एकदम मी. भांग पाडलेला.

उद्या सांगणार. सरळ, स्पष्ट शब्दांत.

९ नोव्हेंबर

उद्या म्हणजे आज, पण आज रविवार. माणसाला रविवारी असलं सांगणं बरं दिसत नाही.

बाथरूमचा बल्ब बदलला. स्वयंपाकघरातला चालू होता तोही बदलला. दादाची स्कूटर पुसली. वहिनीने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

१० नोव्हेंबर

सांगायला गेलो. बाई एकट्याच होत्या, रुमालाने वडिलांच्या कॅमेऱ्याची काच पुसत होत्या. मी म्हटलं, बाई, त्या कॅसेटबद्दल बोलायचं होतं. त्यांना वाटलं मी कौतुकाने विचारतोय. स्वतःच बोलायला लागल्या.

त्यांना चित्रकला शिकायला बाहेर जायचं होतं, वडिलांचा सक्त विरोध. एकोणीस वर्षांच्या होत्या. सकाळी कडाक्याचं भांडण झालं, भांडी फुटेपर्यंत. दुपारी एक लग्न होतं. दोघं तोंड न उघडता तिथे गेली. वडिलांनी कॅमेरा खांद्यावर घेतला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, पांढरं दाखव. बाईंनी धरला कागद. हात थरथरत होता. संध्याकाळच्या गाडीने त्या निघून गेल्या, त्यानंतर बापलेकीने एकत्र काम केलं नाही.

'शेवटचा तुकडा तो आहे,' बाई म्हणाल्या. 'थरथर दिसते त्यात. तेवढाच माझ्यासाठी पुरेसा आहे.'

मी विचारलं, चहा आणू का.

आणला. साखर विसरलो. त्या तशाच प्यायल्या.

राग येतोय. सरांचा, मफलरचा, कॅसेट कंपनीचा. कोऱ्या कॅसेटवर 'कोरी' लिहावं आणि कोरी नसलेल्यावर दुसरं काहीतरी, इतकं साधं आहे हे. गावी आई-बाबांना फोन करावासा वाटला. केला नाही. बॅलन्स होता.

१२ नोव्हेंबर

मार्ग सापडला. दोन दिवस डोक्याचा भुगा झाला होता, पण सापडला.

कॅसेटवर काय असायला हवं? कॅमेऱ्यासमोर धरलेला पांढरा कागद. मग धरू की कागद! माझ्या तोंडावरून पांढरं रेकॉर्ड करायचं. याला रिस्टोरेशन म्हणतात. मोठमोठ्या म्युझियममध्ये जुन्या चित्रांचे पोपडे असेच भरून काढतात, त्यांना कोणी चोर म्हणत नाही.

झेरॉक्सचा कागद घेतला. उजव्या हाताने बटण, डाव्या हाताने कागद. अंगठा फ्रेममध्ये येतोय, काळ्या नखासकट. दुसरा हात बटणावर, त्यामुळे इलाज नाही. हात थरथरवायचा असं ठरवलं होतं. ठरवायची गरज पडली नाही.

नंतर बघितलं. बेमालूम. फक्त कागद हातातून निसटला, म्हणून थोडं आधी थांबावं लागलं, आणि शेवटाला माझं तोंड एका वाक्यापुरतं उरलंय. '...तरी म्हण, पण काहीतरी म्हण.' पुन्हा रेकॉर्ड करायला गेलो तर वेलांटी आली. हरकत नाही. मशीनपाशी मीच बसणार. ते यायच्या आत बंद करीन.

सगळं कंट्रोलमध्ये आहे. जेवण जात नाही, तेवढं सोडून.

१५ नोव्हेंबर, सकाळ

संकल्प: कार्यक्रमाच्या आधी बाईंना बाजूला घेऊन सांगायचं. इस्त्रीचा शर्ट घातला. वहिनी म्हणाली, कोणाचं लग्न आहे रे? म्हटलं, कामाचा भाग आहे. ती म्हणाली, चेहरा तर दहाव्याला निघाल्यासारखा आहे.

१६ नोव्हेंबर

काल लिहिता आलं नाही. आज क्रमाने लिहितो.

आधी बाईंना गाठलं नाही. गाठता आलं असतं. त्या बराच वेळ खिडकीपाशी एकट्याच उभ्या होत्या. मी वायरी गुंडाळत होतो. गुंडाळून झालेल्या.

हॉल भरला. खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीला टेकून उभे. मफलरने प्रास्ताविक केलं, अवकाशापासून अवकाशापर्यंत. मग बाईंना विचारलं, तुमच्या कामावर कोणाकोणाचा प्रभाव आहे? आणि त्यांनी उत्तर द्यायच्या आत स्वतःच पाच-सहा परदेशी नावं घेतली. बाई म्हणाल्या, यांतली दोन मी आत्ताच ऐकली. मग म्हणाल्या, माझे वडील शूटिंग करायचे. लोकांना नवरा-नवरी दिसायचे, त्यांना आधी पांढरं दिसायचं. मी तेच करते, अजून कागदच धरते. इस्त्रीचं टेबलक्लॉथही कागदच आहे. वेलांटी पहिल्या रांगेत भराभर लिहून घेत होती. मला एवढं कळत होतं की हे खरं आहे, आणि मी ते बिघडवून मशीनमध्ये घातलंय.

दिवे घालवले. कॅसेट लावली.

छोटी बोटं, शाईची बोटं, पट्टीचं बोट. मधेच मागून वडिलांचा आवाज, 'सरळ धर गं.' लोक हसले. बाईही हसल्या. नेलपॉलिश आलं. आणि मग माझा अंगठा. पडद्यावर माणसाएवढा मोठा, काळं नख, कागद थरथरतोय.

बाई खुर्चीवरून उठल्या. पडद्याजवळ गेल्या. मला वाटलं, झालं, आता वळून माझ्याकडे बोट दाखवणार.

'बाबा,' त्या म्हणाल्या.

मग लोकांकडे पाठ ठेवूनच, हळू आवाजात, 'मी गेल्यावर कागद धरायला कोणी उरलं नव्हतं. त्यांनी स्वतःच धरला. मागच्या वेळी मी हा हात माझाच समजले होते.'

मी बटण दाबलं. वेळेवर. आयुष्यात वेळेवर केलेली ही एकमेव गोष्ट. लोक उठून टाळ्या वाजवत होते. मफलर मफलरने डोळे पुसत होता. टाळ्या माझ्या अंगठ्याला होत्या आणि मी तो खिशात घालून उभा होतो.

वेलांटी माझ्यापाशी आली. डोळे भरलेले. म्हणाली, काय हात होता ना तो, आयुष्यभर न बोलता काम केलेल्या माणसाचा. ओळख झाल्यापासून पहिल्यांदा ती माझ्या चेहऱ्याकडे बघून बोलली. मी म्हटलं, हो ना.

हे लिहिणं भाग आहे: मला बरं वाटलं. सेकंदभर, पण वाटलं.

लोक पांगल्यावर बाई कॅसेट मागायला आल्या. मी मशीनमधून काढून दिली. डाव्या हाताने दिली. त्यांनी धरली, आणि माझ्याकडून सुटेना. त्यांनी माझ्या अंगठ्याकडे बघितलं. मग कॅसेट उलटी केली आणि पाठीवरच्या चिकटपट्टीवरून बोट फिरवलं.

'नीट जा घरी,' एवढंच म्हणाल्या.

१७ नोव्हेंबर

सुट्टी. वहिनीने ताट समोर ठेवलं आणि म्हणाली, तीन दिवस पोळ्या परत जातायत, काय ते बोल. सगळं सांगितलं. व्हिडिओ कोणासाठी केला होता तेही. मला वाटलं ती हसेल, वायरमन म्हणेल. ती म्हणाली, कॅसेट कोणाची? म्हटलं, बाईंची. मग मला काय सांगतोस, ती म्हणाली आणि ताट उचलून नेलं.

तडकाफडकी राजीनामा लिहिला. तीन ओळी, एकदम बाणेदार. 'राजीनामा'ची वेलांटी दोनदा तपासली.

१८ नोव्हेंबर

गेलो. बोलायचं सगळं पाठ केलं होतं. बाईंनी दार उघडलं, खोलीत कॅसेट लावलेलीच होती. पडद्यावर मी. '...तरी म्हण, पण काहीतरी म्हण.' मग मुंग्या.

तर मीच म्हटलं. मी केलं, वेलांटीसाठी केलं, 'कोरी' वाचून केलं, नंतर कळूनही केलं. थरथरीचा तुकडा गेला. परत येणार नाही.

त्यांनी घड्याळाचा पट्टा मनगटावर सरळ केला. मग म्हणाल्या:

'तू कॅसेट हातात दिलीस तेव्हा कळलं मला. तोवर ते बाबाच होते. तेवढा वेळ फार चांगला गेला रे. पण तो मला तू द्यायचा नव्हतास.'

मी गॅलरीला द्यायचा राजीनामा त्यांच्याच पुढे केला. त्यांनी वाचला, घडी करून परत दिला. म्हणाल्या, तू सोडून जाण्यात पटाईत दिसतोस. मीही होते. म्हणाल्या, प्रदर्शन महिनाभर आहे, 'कोरी' आता भिंतीवर दिवसभर चालणार, जशी आहे तशी. फक्त शेवटचं तुझं वाक्य कापायचं. आणि शेजारच्या लेबलवर जे खरं आहे ते लिहायचं. त्यांनी वेलांटीला तसं सांगितलंय.

वेलांटीला. म्हणजे तिला कॅसेट बघावी लागणार. शेवटपर्यंत.

मी निघालो तर त्यांनी हाक मारली. वाटलं, माफ केलं म्हणतील. त्या म्हणाल्या, उद्या वेळेवर ये, स्क्रीन कोण टांगणार?

२१ नोव्हेंबर

स्क्रीन टांगला. इस्त्रीच्या शेजारी. आज लोक बघत होते. एक बाप आपल्या लहान मुलीला उचलून दाखवत होता, बोटं बघ, बोटं.

दुपारी वेलांटी लेबल घेऊन आली. मी धीर करून विचारलं, तुम्ही शेवटपर्यंत बघितलंत का? ती म्हणाली, लेबल लिहायचं तर बघावंच लागतं. तिने काहीतरी म्हणावं एवढंच माझं मागणं होतं, रेकॉर्डवर आहे ते.

'आपण "तू"वर कधी आलो?' ती म्हणाली. लेबल माझ्या हातात देऊन गेली.

लेबल:

कोरी
कागद धरणारे हात: कलाकार, वय आठ ते एकोणीस.
शेवटचा हात: अनोळखी माणसाचा. मूळ दृश्य या हाताने पुसलं गेलं आहे.

मला वाटलं होतं, निदान 'टेक्निशियन' तरी लिहील.

मीच चिकटवलं. लेव्हल लावून, कडा दाबून. मग लांब जाऊन बघितलं. सरळ आहे. 'अनोळखी'ला दुसरी वेलांटी. बरोबर आहे.